माखाचा करडा घोडा

उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा शहरात दोन टेकड्यांवर दोन कॅथेड्रल उभी आहेत. एक कॅथलिकांचं, एक प्रोटेस्टंटांचं, आणि दोन्ही संत पॅट्रिकच्याच नावाची. शहराचं नाव मात्र एका बाईचं. ‘आर्ड माखा’, म्हणजे माखाचा उंचवटा. या नावाशी जोडलेली एक माखा शर्यत धावली होती, तीही दिवस भरलेले असताना.

जुनी आयरिश कथा अशी. जत्रेत राजाच्या घोड्यांचं कौतुक चाललं होतं. माखाच्या नवऱ्याला राहवेना. माझी बायको यांना मागे टाकील, असं तो बोलून गेला. राजाने त्याला तिथेच धरून ठेवलं आणि तिला बोलावणं धाडलं. कळा सुरू झाल्यात, बाळंत होईपर्यंत तरी थांबा, अशी तिने विनवणी केली. जमलेल्यांना त्यांच्या आयांची आठवण करून दिली. कुणाला पाझर फुटला नाही. ती धावली, राजाच्या घोड्यांच्या रथाआधी पोचली, तिथेच जुळ्यांना जन्म दिला आणि शाप दिला: ऐन संकटात अल्स्टर प्रांताच्या पुरुषांना पाच दिवस आणि चार रात्री बाळंतकळा येतील, नऊ पिढ्या.

माखाचं घोड्यांशी असलेलं नातं पाहून अनेक अभ्यासक तिला अश्वदेवता मानतात. म्हणजे देवीलाच घोड्यासारखं पळवलं गेलं. ती जिंकली, यात वाद नाही. पण जी पळायला तयार नव्हती, तिच्या जिंकण्याला तिचं म्हणायचं का?

1984 साली, फेअरीहाउसच्या मैदानावर अ‍ॅन फेरिसने ‘बेंटम बॉय’ या घोड्यावरून आयरिश ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. घोड्याला वडिलांनी तयार केलं होतं आणि तिची बहीण रोझमेरी दुसऱ्या घोड्यावरून तिसरी आली. खोगिरावर बसायचं की नाही, हे अ‍ॅनच्या हातात होतं. बेंटम बॉयला कुणी विचारलं?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत स्वार पडला की घोडा अनेकदा थांबत नाही. रिकिबी पोटावर आपटत असतात, लगाम लोंबत असतो, तरी तो कळपाबरोबर पुढचं कुंपण ओलांडतो. त्याला चाबूकही नाही, बक्षीसही नाही. ही हौस म्हणावी, की एकटं मागे पडण्याची भीती? दुसरा एखादा घोडा मात्र कुंपणापुढे चारही पाय रोवून अडतो. त्याच्या बाबतीत तर्क लढवावे लागत नाहीत.

माखाच्या कथेपाठोपाठ आणखी एका घोड्याची कथा येते. शापातून सुटलेला वीर कु खुलिन याच्या करड्या घोड्याचं नाव ‘लिअह माखा’, माखाचा करडा. धन्याच्या शेवटच्या लढाईच्या सकाळी तो रथाला जुंपून घेईना. कु खुलिन स्वतः समजावायला आला, तेव्हा घोड्याच्या डोळ्यांतून रक्ताचे अश्रू ओघळले.

मग त्याला जुंपलं.