तारेविना घर, पण कुणाच्या जिवावर?

घारापुरी गेटवेपासून लाँचने तासाभराच्या अंतरावर आहे. या बेटावर कायमची वीज पोहोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलने. तोवर राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर या तीन वस्त्यांना संध्याकाळी तीनेक तास जनरेटरची वीज मिळायची. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई, आणि इकडे मुलांचा अभ्यास नि बायकांचा स्वयंपाक जनरेटर बंद पडायच्या आत उरकायचा. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं इथे कायमची वीज नव्हती.

त्याच मुंबईतून आणि पुण्यातून आता काही कुटुंबं उलट वाटेने निघाली आहेत. कर्जत, मुरबाड, मुळशी, दापोली, कुठेतरी थोडी जमीन, दगड-मातीचं बैठं घर, छपरावर सोलर, अंगणात विहीर, महावितरणची तार नको. या ओढीला फॅड म्हणून हसण्यात अर्थ नाही. बिल्डर, बँक आणि लोकल यांच्या तालावर वीस वर्षं नाचल्यावर आपलं पाणी, आपला उजेड आणि आपली भाजी आपल्या हातात असावी असं वाटणं शहाणपणाचंच आहे. (महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, हे मात्र बऱ्याच जणांना इसार देऊन झाल्यावर कळतं.) प्रश्न पुढचा आहे. हे स्वप्न बहुधा एकट्याचं असतं आणि घर पाच जणांचं. त्यातल्या एकाला मधुमेह असतो, एक दहावीला असते, आणि एकीला ‘तुला चालेल ना गं?’ असं प्लॉटचं टोकन दिल्यावर विचारलेलं असतं.

आधी हिशेब पाहू. एक किलोवॉटचं सोलर पॅनेल मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं. चार एलईडी दिवे, दोन बीएलडीसी पंखे, एक लहान फ्रिज, मोबाइल आणि थोडा मिक्सर एवढ्यावर भागवलं तर घराला रोज दोन युनिट लागतात. म्हणजे कागदावर निम्मी वीज शिल्लक. पण कोकणातला जुलै कागदावर येत नाही. आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, पॅनेलवर शेवाळाचा चिकट थर धरतो आणि उत्पादन निम्म्याच्याही खाली जातं. तीन दिवस ऊन नाही असं धरलं तर सहा युनिट साठवायला हवीत. इन्व्हर्टरची नेहमीची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी पावणेदोन युनिटांच्या आसपास साठवते. ती टिकायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे सहा-सात बॅटऱ्या आल्या. त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालत राहायचं आणि चार-पाच वर्षांनी संच बदलायचा. लिथियम घेतली तर वजन आणि कटकट कमी, सुरुवातीचा खर्च जास्त.

हे सगळं जमवता येतं, आणि हौशी माणूस आनंदाने जमवतो. अडतं ते वेगळीकडे. आजोबांना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावायला सांगितला, तर पाच लिटरचं साधं यंत्र सव्वातीनशे-साडेतीनशे वॉट खातं. दिवसरात्र चाललं की आठेक युनिट. सगळ्या घराच्या विजेच्या चौपट एका म्हाताऱ्या श्वासाला! आजीच्या न उघडलेल्या इन्सुलिनला दोन ते आठ अंश तापमान हवं. त्यामुळे पावसाळी आठवड्यात फ्रिज बंद ठेवून बॅटरी वाचवू, हा उपाय तिच्या बाबतीत चालत नाही. म्हणून अशा घराची आखणी घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाच्या सगळ्यात वाईट रात्रीवरून करायला हवी. प्रत्यक्षात ती डिसेंबरातल्या शनिवार-रविवारवरून होते.

पाण्याचंही तसंच. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी पडतं. कोकणातला तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर वळचणीला अडीच-तीन लाख लिटर पाणी येतं, आणि पावसाळा संपता संपता त्यातलं बहुतेक वाहून गेलेलं असतं. माणशी पन्नास लिटर धरले तरी पाच जणांना रोज अडीचशे लागतात. फेब्रुवारी ते मे काढायचे तर तीस हजार लिटरची टाकी हवी. ती बांधली नाही, किंवा पंप ऐन वेळी बसला, तर अडीचशे लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या सतरा बादल्या. प्रत्येक पंधरा किलोची. रहाटावरून ओढायच्या, कठड्यावर टेकवायच्या, ओल्या पायऱ्या चढून न्हाणीघरापर्यंत न्यायच्या. त्या बादल्यांवर कुणाचं नाव असतं हे कुणाला सांगायला नको.

गोबरगॅसची गोष्ट याहून खुमासदार आहे. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होईल अशा दोन घनमीटरच्या ‘दीनबंधू’ संयंत्राला रोज पन्नास किलो शेण घालावं लागतं. म्हणजे चार-पाच गुरं, त्यांचा चारा, त्यांचं आजारपण, आणि दिवाळीत कुणीही गावाला जायचं नाही. सिलिंडरपासून सुटका करून घेताना माणूस गोठ्याला बांधला जातो. आणि गोठ्याला बांधली जाणारी व्यक्ती ही निर्णय घेणारीच असते असं नाही.

‘सुरुवातीला थोडा त्रास होणारच,’ असं सांगणारा नवरा अनेक घरांत भेटतो. ‘थोडा म्हणजे किती, आणि कुणाला?’ हे विचारणारी बायको भेटली तर त्या घराचं नशीब म्हणायचं.

या जगण्याचे जे आदर्श सांगितले जातात, तेही नीट पाहावेत. थोरो १८४५ मध्ये वॉल्डनच्या काठी राहायला गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा, अविवाहित होता. जमीन मित्र इमर्सनची, आणि आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर. घराला आलेला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च त्याने चोख लिहून ठेवला. त्या खर्चात कुणाचं आजारपण किंवा शाळेची फी नव्हती. स्कॉट आणि हेलन निअरिंग १९३२ मध्ये न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटला गेले, हातांनी दगडी घरं बांधली. त्यांच्या १९५४ च्या पुस्तकाने अमेरिकेतल्या पुढच्या पिढीला खेड्यांकडे ओढलं. चार तास पोटासाठी श्रम आणि चार तास स्वतःच्या आवडीचं काम, ही त्यांची वाटणी आजही भुरळ घालते. मात्र तेव्हा स्कॉटची पहिल्या लग्नाची मुलं मोठी झाली होती आणि या घरात पाळणा नव्हता. त्यांच्या प्रामाणिकपणाला याने बाधा येत नाही. पण तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेली सासू असलेल्या घराने त्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं तर त्यातले आवडीचे चार तास आधी कुणाचे जातील, हे उघड आहे.

कुटुंबासकट हा प्रयोग केलेला सर्वांत ठळक माणूस म्हणजे गांधी. १९०४ मध्ये डर्बनजवळ शंभरेक एकरांवर फीनिक्स वसाहत उभी राहिली. ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना तिथे हलवला, तर पहिल्याच रात्री तेलाचं इंजिन रुसलं आणि अंक काढण्यासाठी माणसांना पाळीपाळीने हाताने चाक फिरवावं लागलं. तो प्रसंग गांधींनी आत्मकथेत मोठ्या चवीने सांगितला आहे. चाक फिरवणाऱ्यांनी ते काम स्वतः पत्करलं होतं, म्हणून त्यात मजा होती. मुलांचं तसं नव्हतं. साधेपणाच्या आणि सेवेच्या आग्रहात त्यांचं रीतसर शिक्षण मागे पडलं. थोरला हरिलाल १९११ मध्ये शिक्षणाच्याच मुद्द्यावर वडिलांपासून दूर झाला आणि त्या दोघांमधली दरी पुढे कधी बुजली नाही. मुलांच्या तक्रारीत तथ्य आहे हे गांधींनी आत्मकथेत मान्यही केलं आहे. महात्म्याच्या घरी जे घडलं ते आपल्या घरी घडणार नाही, या भरवशावर मुलांच्या शाळेचा प्रश्न ‘होमस्कूलिंग बघू’ म्हणून सोडून देऊ नये. याच गांधींच्या सेवाग्राममध्ये पुढे टेलिफोनही आला, आणि साप पकडून दूर सोडण्यासाठीचा चिमटाही तिथे आजही पाहायला मिळतो. व्रत होतं, पण हट्टाला मुरड घालण्याची तयारीही होती.

मराठी माणसाला तर हा पेच तुकोबांच्या घरापासून ठाऊक आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर विठ्ठलात रमलेले, आणि जिजाई भाकरी बांधून तो चढ चढते आहे, तिच्या पायात काटा मोडतो, असं चित्र कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या रंगवलं गेलं. श्रोते तिच्या तोंडाळपणाला हसत आले. भाकरी मात्र तिनेच नेली. आनंदवनाची सुरुवातही एरवी सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये अशी सांगतात. त्या यादीत दोन लहान मुलं आणि त्यांची आई पुष्कळदा धरली जात नाहीत. साधनाताई आमट्यांनी ‘समिधा’ लिहिलं म्हणून त्या संसाराची दुसरी बाजू मराठी वाचकांपर्यंत आली.

मनुस्मृती महाडला १९२७ मध्ये जाळली गेली आणि ते रास्तच झालं. पण वनात जायला निघालेल्या पुरुषाला तीही थांबवते. सुरकुत्या पडू देत, केस पिकू देत, नातवंड पाहू दे, मग जा. बायकोला मुलांच्या हवाली कर किंवा सोबत ने, असे दोन पर्यायही ती देते. बायकोला विचार, हा तिसरा पर्याय त्या ग्रंथाला सुचला नाही. दोन हजार वर्षांनी तो आपल्याला तरी सुचायला हरकत नसावी.

महाडवरूनच दुसरी गोष्ट. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातल्या मुलांचे त्या दंशाने होणारे मृत्यू खूप घटले. ‘लॅन्सेट’ने ते संशोधन छापलं. औषध सापडलं, तरी पेशंट वेळेत पोहोचावा लागतो. कातळावरच्या फुरशाने किंवा घरात शिरलेल्या मण्याराने चावा घेतला तर प्रतिसर्पविष कुठल्या आरोग्य केंद्रात आहे, पावसात तिथवर गाडी जाते का, आणि १०८ ला फोन लावायला त्या वाडीत रेंज आहे का, हे प्रश्न पॅनेलच्या वॉटेजच्या आधीचे आहेत. एकट्याने धोका पत्करणं हे धाडस असतं. आठ वर्षांच्या मुलाच्या वतीने तो पत्करायचा तर त्याची जबाबदारी वेगळ्या जातीची आहे.

मग जबाबदाऱ्या असलेल्यांनी हे स्वप्नच पाहू नये का? जरूर पाहावं, पण तार तोडण्याला त्याचा निकष करू नये. दापोली तालुक्यातल्या कुडावळ्यात दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी यांनी जो संसार मांडला, त्यात भर यंत्रांपेक्षा गरजा कमी करण्यावर आहे. दिलीप कुलकर्णी स्वतः इंजिनिअर. ‘निसर्गायण’ हे पुस्तक आणि ‘गतिमान संतुलन’ हे मासिक वाचणाऱ्याला तो क्रम कळतो. गरज आधी घटवली की उरलेल्या दिव्याला वीज खांबावरून येते की छपरावरून, याचा अहंकार राहत नाही. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतलं तीन किलोवॉटपर्यंतचं, कमाल ७८ हजारांचं अनुदानही खांबाला जोडलेल्या सोलरलाच मिळतं. साधी जोडणी गावची वीज गेली की आपलीही बंद पाडते, म्हणून बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लावावा. उन्हाळ्यात मीटर उलटा फिरेल, जुलैत आजीचा फ्रिज चालू राहील. यात कुणाची हार नाही. आणि हे ठरवण्याआधी त्याच गावात भाड्याच्या घरात एक मे आणि एक जुलै काढावा, सगळ्यांनी मिळून. त्यानंतर घरात होणाऱ्या चर्चेला काही वजन असतं.

आणखी एक कागद राहतो. शरद जोशी १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बर्नची नोकरी सोडून बायको लीला आणि दोन मुलींसह परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. तिथून शेतकरी संघटना उभी राहिली. त्याच संघटनेने १९८९ नंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाची योजना आणली आणि नवऱ्याच्या अर्जावरून सातबारावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची वाट मोकळी झाली. शहरातला फ्लॅट सहसा दोघांच्या नावावर असतो, कारण कर्ज दोघांच्या पगारावर मिळतं. तो विकून घेतलेली जमीन मात्र पुष्कळदा एकट्या नवऱ्याच्या नावावर होते, कारण शेतकरी असल्याचा दाखला त्याच्याकडे असतो. सतरा बादल्या, गोठा आणि आजीची औषधं सांभाळणाऱ्या बाईचा त्या घरावरचा कायदेशीर हक्क असा एका खरेदीखतात पुसला जातो. तो परत लिहायला तलाठ्याकडे एक अर्ज द्यावा लागतो, आणि हे काम पॅनेल चढवायच्या आधी होऊ शकतं.