जोतिबाचे नाव

बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यातल्या मुलाच्या कानात जे नाव सांगते ते आईबापांनी हौसेने शोधून काढलेले असावे, ही समजूत करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावी फार जुनी नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत तेथे नाव शोधावे लागत नसे, ते पुष्कळदा आधीच ठरलेले असे. कोल्हापूर शहराच्या पलीकडे, वायव्येस, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ज्याचे ठाणे आहे त्या जोतिबाला नवस बोलून झालेला, किंवा चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या सुमारास जन्मलेला मुलगा जोती, जोतिबा अथवा जोतीराम याच नावाने वाढे, आणि एका गल्लीत त्या नावाचे चौघे निघाले तरी त्यात कोणाला उणेपणा वाटत नसे. आजोबांचे नाव नातवाला ठेवले, तर सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही या रिवाजामुळे घरात त्याला बाळू किंवा आप्पा म्हणत. खरे नाव दप्तरासाठी आणि देवासाठी राखलेले असे.

ज्योत या अर्थाच्या शब्दाला आदराचा 'बा' लागून हे नाव झाले, हे उघड आहे. देवाचे ग्रांथिक नाव केदारलिंग. हिमालयातील केदारनाथच रत्नासुराच्या पारिपत्यासाठी दक्षिणेत अवतरला अशी श्रद्धा त्यामागे आहे. परंतु गुलाल-खोबरे उधळीत, सासनकाठ्या नाचवीत डोंगर चढणाऱ्या कुणब्याने 'चांगभलं'चा गजर केला तो जोतिबाच्या नावाने, आणि मुलाला दिले तेही हेच नाव. हे कुळदैवत मानणारे राणोजी शिंदे सरदारकीस चढले तेव्हा 1730 साली त्यांनी आजचे देवालय बांधविले. त्यांच्या पुत्रांपैकी एकाचे नाव जोतिबाच होते. पागा सांभाळणाऱ्या घराण्यालाही नांगर धरणाऱ्याचे हे नाव आपलेच वाटले, ही गोष्ट मला त्या देवालयाच्या दगडी कामाइतकीच मोलाची वाटते.

पण या नावाचा सर्वांत थोर धनी पुण्यास 1827 साली जन्मला. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाला म्हणून गोविंदराव फुल्यांच्या मुलाचे नाव जोती ठेवले, असे चरित्रकार सांगतात. मूर्तिपूजेवर आणि पुरोहितशाहीवर ज्याने आयुष्यभर प्रहार केले त्याने हे देवाचे नाव टाकले नाही. उलट 1873च्या 'गुलामगिरी'त त्याने जोतिबाची गणना बळीराजाच्या पदरच्या सरदारांत केली, म्हणजे ज्याला लोक देव मानीत होते त्याला रयतेचे कल्याण पाहणारा एक कारभारी ठरविले. इतिहास म्हणून ही मांडणी कोणी मान्य करो वा न करो, नवसाने मिळणाऱ्या नावाला न्यायाचा अर्थ देणारे दुसरे उदाहरण मला मराठीत आठवत नाही. फुले स्वतः 'जोतीराव' असेच लिहीत. पुढे सभ्य लेखणीने त्यांना 'ज्योतिबा' केले. त्यांच्या सत्यशोधक समाजाची शाखा 1911 साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळाने उभी राहिली, तेव्हा देवाच्या डोंगराखालच्या मुलखात हे नाव दुसऱ्याच वाटेने परत आले.

आज पाळण्यात आरव आहे, विहान आहे, शौर्य आहे. आणि केदारही आहे. देव तोच, पण त्याचे संस्कृत नाव टिकले आणि शेतात हाक मारण्याचे नाव मागे पडले. नवी नावे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. आपल्या मुलाचे नाव दुसऱ्या कोणाचे नसावे ही आईबापांची इच्छाही समजण्यासारखी आहे. परंतु 'जोतीराम' हे नाव गावंढळ वाटू लागणे म्हणजे ज्या माणसांनी ते धारण केले त्यांची आपल्याला लाज वाटू लागणे होय, आणि ही लाज मला अन्यायाची वाटते. कारण त्याच जोतीरामांनी स्वतः निरक्षर राहून, उसाच्या पट्टीतून फी भरून, या आरवांच्या बापांना कॉलेजात धाडले.

तूर्त ते नाव मधल्या जागी शिल्लक आहे. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव या आपल्या क्रमामुळे पहिल्या जागेवरून उठलेला जोतीराम एक पिढी दुसऱ्या जागी बसतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे आवश्यक केले. हा निर्णय योग्यच, पिढ्यान्‌पिढ्या जिचे नाव दाखल्यावर नव्हते तिची ती हक्काची जागा आहे. बापाचे नाव त्यामुळे तिसरे झाले. पुढच्या पिढीच्या दाखल्यावर जोतीराम असणार नाही; तो तलाठ्याच्या फेरफारात, वारसनोंदीच्या तपशिलात मयत खातेदार म्हणून सापडेल. त्यापूर्वी एखाद्या घराने बारशाला ते नाव पुन्हा पहिल्या जागी ठेवावे, आणि तेही 'ज्योतिरादित्य' असे सजवून नव्हे, तर सरळ जोतीराम म्हणून, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.