लेकीच्या वतीने दिलेला शब्द

रखमाबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांनी नांदायला जायला नकार दिला आणि १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला; पण अपिलानंतर, १८८७ साली निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड झाली, मग त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या.

आपण हा खटला नवरा-बायकोचा म्हणून वाचतो. मला तो आईबापांच्या अधिकाराचा वाटतो. घरच्यांनी लेकीच्या वतीने दिलेला शब्द तिला कुठवर बांधतो? लस टोचताना पोर रडतं म्हणून कुणी थांबत नाही, आणि थांबूही नये. ते पोराच्या भल्यासाठी असतं. पण जो निर्णय घराच्या सोयीसाठी घेतला जातो आणि मुलाला पुढे सहजी मोडता येत नाही, तो घेण्याचा हक्क आईबापांना नाही, असं माझं मत आहे.

ही सोय मात्र दरवेळी चैनीची नसते. बीडकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. आईबाप सहा-सहा महिने फडावर. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी. अशा बापाला नुसतं निर्दयी म्हणणं सोपं आहे, खास करून शहरात बसून.

तरीही शब्द तिच्याच वतीने दिला जातो. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने असं लग्न करून देणाऱ्याला शिक्षा ठेवली, पण लग्न आपोआप रद्द होत नाही. ते मुलीने मोडून मागायचं, वयाची वीस वर्षं पुरी व्हायच्या आत. अठराच्या आत मागायचं तर अर्ज पालकाने किंवा वादमित्राने, म्हणजे तिच्या वतीने कोर्टात उभं राहणाऱ्याने, करायचा, सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. पालक म्हणजे बहुधा ज्यांनी अक्षता टाकल्या तेच! आणि खेड्यात तो अधिकारी ग्रामसेवक, ज्याला त्याच गावात रोज वावरायचंय. कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवले आहेत. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दर हंगामात तिकडच्या फडांवरही जातात.