टाकलेल्या मातीचा धनी कोण?

एखाद्याने खड्डा खणून तो उघडा टाकला व त्यात शेजाऱ्याचा बैल पडून मेला, तर भरपाई कोणी द्यावी? निर्गमाच्या २१ व्या अध्यायात ह्याचा निकाल आहे : ज्याचा खड्डा, त्याने. परंतु खड्ड्यातून काढलेली माती कोणाची, हा प्रश्न खाणींच्या इतिहासात फार उशिरा विचारला गेला. तोच आज आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

खाणवाला जमिनीतून जे उपसतो त्यातील थोडेच त्याच्या कामाचे असते. गोव्यात एक टन लोहखनिज मिळवावयाचे तर दोन-तीन टन माती बाजूस टाकावी लागते. खनिजाचा धनी ठरलेला असतो, त्याची किंमत वहीत चढते. माती मात्र पावसाबरोबर ओढ्यात येते आणि ज्याच्या भातशेतात शिरेल त्याची होते!

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १८५३ पासून पाण्याच्या प्रचंड फवाऱ्याने डोंगर फोडून सोने काढीत असत. त्या गाळाने युबा नदीचे पात्र उंचावले, खालची शेते बुडाली. ही वहिवाट जुनी आहे व सोन्याने सर्व प्रांताचे कल्याण होते, असे खाणवाले म्हणत. शेवटी १८८४ साली न्यायाधीश सॉयर ह्यांनी नदीत गाळ सोडण्यास मनाई केली. एकाच्या कल्याणासाठी दुसऱ्याचे शेत गिळण्याचा हक्क वहिवाटीने मिळत नाही, हे तेव्हा ठरले. तथापि शेतकऱ्याने आधी बुडावे व मग न्यायालयात जावे, हीच रीत राहिली.

वेल्समधील ॲबरव्हॅन गावी ह्या रीतीचे मोल फार भयंकर द्यावे लागले. तेथे कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मालाचे ढीग गावावरील डोंगरात रचीत. १९५८ साली सुरू केलेला सातवा ढीग तर झऱ्यावरच घातला होता. शाळेमागील ह्या धोक्याविषयी नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ सालीच लिहून कळविले होते. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो ढीग घसरून शाळेवर आला. १४४ माणसे दगावली. त्यांपैकी ११६ मुले होती. गावातील बेथानिया उपासनामंदिरात प्रेते ओळख पटविण्यासाठी ठेविली. चौकशीत दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर आला, परंतु कोणासही शिक्षा झाली नाही. इतकेच नव्हे, तर उरलेले ढीग हलविण्यासाठी १,५०,००० पौंड लोकांनी पीडितांकरिता दिलेल्या निधीतून घेतले गेले. म्हणजे मातीचा खर्चही मुले गमावलेल्यांच्याच माथी! ती रक्कम १९९७ साली व्याजावाचून परत झाली. आमच्या मते ह्यास दान म्हणता येत नाही. ती उशिरा फेडलेली उसनवारी होय.

त्या खाणी १९४७ पासून सरकारी होत्या, हे ध्यानात ठेवावे. नफेखोर मालकच तेवढा दोषी, असे म्हणून सुटता येत नाही. ढीग पाहणे हे खाणकामाचा भाग आहे, असे कोणास वाटतच नव्हते. तसा कायदा तेथे १९६९ साली झाला.

खरा पालट पुढचा आहे. नुकसान झाल्यावर भरपाई, ह्याऐवजी खणण्यापूर्वीच हमी, असा विचार रुजला. भारतात २००३ च्या नियमांनी खाण बंद करण्याची योजना व तिच्याकरिता आर्थिक तारण आवश्यक केले. गोव्यात २०१२ साली खाणकाम थांबविल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली विक्रीच्या किमतीचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. दशांशाची सवय असलेल्या आमच्या वाचकांस ह्यात नवल वाटू नये.

पण खाण थांबली तेव्हा खनिज वाहण्यासाठी कर्जाने मालमोटार घेतलेला गावकरीही थांबला. ज्या शेतात माती शिरली तेही पुष्कळदा त्याच्याच भावकीचे. मातीचा धनी सापडला. माझ्या कर्जाचा कोण, असे त्याने विचारले तर उत्तर देणे आम्हांस अधिक कठीण वाटते.