न वाचता दिलेली संमती

भाच्याच्या आग्रहाने मी एका नव्या समाजमाध्यमावर खाते उघडले. नियमांचे लांबलचक पान समोर आले; न वाचताच 'मान्य आहे' यावर बोट ठेवले. महिन्याभरात माझे एक निवेदन हटविले गेले. मी संतापलो. भाच्याने शांतपणे विचारले, "मामू, तुम्ही नियम वाचले होते का?"

मी निरुत्तर झालो. निकाहच्या मजलिसीत संमतीपूर्वी मेहरची रक्कम स्पष्ट उच्चारली जावी, असा माझाच आग्रह असतो.

सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (अल्-बकरा, २८२) कर्जव्यवहार न्यायाने लिहून ठेवण्यास सांगते. अटी अस्पष्ट राहिल्याने सौद्यात येणाऱ्या दोषाला फिक्हमध्ये 'गरर' म्हणतात. तेव्हा दुर्बोध अटी पुढे करणारा जसा दोषी, तसा त्या वाचण्याचा कंटाळा करणाराही निर्दोष नव्हे.

'हा नियम सर्वांना सारखाच लागू होतो का?' असे विचारणे उद्धटपणा नाही. तो न्यायाचा आग्रह आहे. ऑक्टोबर २०२२ च्या सुधारित माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार माध्यमांनी आपले नियम आठव्या अनुसूचीतील भाषांत, अर्थात मराठीतही, उपलब्ध करून द्यावयाचे आहेत. तक्रार अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे.

मात्र माध्यमाने मुभा दिली म्हणून गीबत हलाल होत नाही. तेथील नियम बदलतात. आपल्या जिभेचा हिशेब बदलत नाही.

त्या रात्री भाच्यासोबत बसून ते पान शेवटपर्यंत वाचले. माझी तक्रार निम्मीच उरली. उरलेली मी लिहून पाठविली.