गळतीचे मूळ

चांदवड हे मुंबई-आग्रा मार्गावरचे गाव. तेथून जवळच राहुड घाट आहे. जुन्या मालमोटारीच्या इंजिनास जेथे गिअरबॉक्स जोडलेला असतो, तेथून तेल ठिबकू लागले तर मालक म्हणतो, “थेंबच तर आहेत, वरून तेल ओतू.” परंतु तेच तेल क्लच प्लेटला लागले म्हणजे चढावर इंजिन नुसते गरजते, भरली गाडी पुढे सरकत नाही, आणि मागून येणाऱ्यांवरही संकट ओढवते.

ही गळती बहुधा क्रँकच्या मागल्या टोकावरील सीलची असते. उष्णतेने व जुनेपणाने ते कडक होते. तथापि शहाणा मिस्त्री लगेच गिअरबॉक्स उतरवीत नाही. तो प्रथम इंजिन धुऊन पुसतो व वरच्या झाकणातून तर तेल ओघळत नाही ना, हे पाहतो. मग ब्रीदरची नळी तपासतो. ती तुंबली असता आतील दाब वाढून नवे सीलही गळू लागते. क्रँकला खाच पडली असेल किंवा बेअरिंग झिजले असेल, तर नुसते सील बदलणे व्यर्थ होय.

आम्ही आपणांस विचारितो, मंडळीतही असेच घडत नाही काय? कलह दिसला की आपण समोरच्यास दोष देतो, अथवा वरून गोड शब्द ओततो. मूळ शोधीत नाही. तर बंधूंनो, आधी पुसून स्वच्छ पाहू या, वरपासून खालपर्यंत शोधू या, आणि आत तुंबले असेल ते मोकळे करू या. घाट लागण्यापूर्वीच हे काम करणे बरे.