ईयोबाचे मित्र

हिब्रू बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात, मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावून राखेत बसलेल्या नीतिमान ईयोबाकडे अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र येतात व सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट बसून राहतात. त्यांच्या हातून घडलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट बहुधा हीच. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तेव्हा त्यांचे मौन सुटते आणि सांत्वनाचे रूपांतर श्रद्धेच्या उलटतपासणीत होते. या उलटतपासणीमागे प्रतिफळाचा सिद्धान्त, म्हणजे नीतिमानाला सुख आणि पाप्याला दुःख याच आयुष्यात मिळते ही समजूत, उभी आहे. पूर्वजन्माकडे बोट दाखवण्याची सोय नसल्याने हा हिशेब कर्मसिद्धान्ताहूनही कठोर ठरतो. जो भोगतो आहे त्याने पाप केलेच असणार, असे एकदा ठरले की पुरावा शोधण्याची गरज उरत नाही, आणि म्हणूनच बाविसाव्या अध्यायात अलीफज, ईयोबाने गरिबांची वस्त्रे हिरावली, तहानेल्याला पाणी नाकारले, विधवांना रिकाम्या हाताने परत धाडले, असे आरोप सरळ रचून मोकळा होतो.

मित्र देवाविषयी भरभरून बोलतात, परंतु देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब मात्र जाब विचारताना वारंवार त्यालाच संबोधतो, आणि ज्याच्या अस्तित्वावरचा विश्वास उडाला त्याच्याशी कोणी भांडत बसत नाही. वारकरी परंपरेला हे उमगायला जड गेले नाही: दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेल्या तुकारामांचे विठ्ठलाशी झालेले भांडण तिने भक्तीतच जमा धरले.

नंतरच्या काळात गफलत उलट दिशेने झाली. नव्या करारातील याकोबाच्या पत्राने ईयोबाच्या धीराचा दाखला दिला आणि लोकमानसात सोशिक ईयोबच उरला. आरंभीच्या दोन गद्य अध्यायांतील समर्पण लक्षात राहिले, पुढच्या काव्यातील संताप मागे पडला. हे कौतुकही निरुपद्रवी नव्हे, कारण श्रद्धाळू रुग्णाने विव्हळूसुद्धा नये ही अपेक्षा त्यातूनच बळावते.

ग्रंथाच्या अखेरीस देव ईयोबालाही वादळातून खडसावतो, तरी आपल्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोबच, मित्र नव्हेत, असा निर्वाळा देतो, आणि मित्रांनी सात गोऱ्हे व सात एडके घेऊन त्याच्याकडे जावे, त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे फर्मावतो. ईयोबाला त्याचे वैभव दुपटीने परत मिळते. दुःखाचे कारण मात्र त्याला शेवटपर्यंत सांगितले जात नाही.